हा निबंध नक्की कोणी लिहिला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका माध्यमिक शाळेत भाषा शिकवतात. ‘आमच्या घरातली एक जुनी वस्तू’ या विषयावर त्यांनी नववीच्या वर्गाला घरून निबंध टाइप करून आणायला सांगितला. वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलाने आजोबांच्या रेडिओवर लिहिलं, आणि ते त्याच्या नेहमीच्या लिखाणापेक्षा फारच सरस होतं. शंका आली म्हणून त्यांनी तो मजकूर ‘एआयने लिहिलेलं ओळखणाऱ्या’ एका मोफत साधनात टाकला. उत्तर आलं: ८७ टक्के यंत्रलिखित. त्यांनी सगळ्या वर्गासमोर शून्य गुण सांगितले. मुलगा ‘मीच लिहिलंय’ एवढंच म्हणाला, आणि तेव्हापासून त्यांच्या तासाला मान वर करत नाही. पालकही येऊन भेटून गेले. आता मुख्याध्यापिकांनी एआयबद्दलचे शाळेचे नियम पंधरा दिवसांत लिहून द्यायचं काम त्यांच्यावरच सोपवलं आहे. सरसकट बंदी घालावी आणि असं एखादं साधन वर्गणी भरून घ्यावं, असा मुख्याध्यापिकांचा कल आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी कबूल केलं आहे की सराव प्रश्नपत्रिका आणि प्रगतिपुस्तकातले शेरे त्या स्वतः चॅटबॉटकडून लिहून घेतात. ‘मी दुटप्पी वागतेय का? आणि मुलं फसवत असतील तर पकडायचं तरी कसं?’

प्रिय ताई,

तुमच्या चार पानी पत्रातली अडीच पानं त्या मुलाबद्दल आहेत आणि नियमांबद्दल जेमतेम अर्धं. मनाला काय लागलंय ते त्यावरूनच कळतं. म्हणून मीही सुरुवात त्याच्यापासूनच करते.

आधी तो आकडा. ८७ टक्के म्हटलं की वाटतं, हे खरं असण्याची शक्यता शंभरात सत्त्याऐंशी. पण त्या साधनाला मूल दिसत नाही, रेडिओ दिसत नाही, तुमच्या वर्गाचा इतिहासही ठाऊक नाही. त्याच्यासमोर असतात फक्त शब्द. चॅटबॉट लिहितो तो आतापर्यंतच्या मजकुरानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज बांधत. ओळखणारी बरीचशी साधनं तेच उलट बाजूने तपासतात. शब्द अपेक्षेप्रमाणे येत गेले, वाक्यं सारख्या ठेवणीची निघाली, की ती म्हणतात ‘यंत्र’. आता वर्ग डोळ्यांसमोर आणा. अपेक्षेप्रमाणे शब्द कोण वापरतं? ज्याच्याकडे शब्द मोजके आहेत ते मूल. पाठ केलेली वाक्यं जपून जोडणारं मूल. घरी एक भाषा बोलून शाळेत दुसरीत लिहिणारं मूल.

हा नुसता तर्क नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी त्यात घातले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र त्याच साधनांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते यंत्राने लिहिलेला फक्त २६ टक्के मजकूर पकडत होतं आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारत होतं. छोट्या मजकुरासाठी ते भरवशाचं नाही आणि इंग्रजीशिवाय इतर भाषांसाठी वापरू नका, असंही त्यांनीच सांगितलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी म्हणून, त्यांनी ते बंद करून टाकलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच त्याचं लिखाण खात्रीने ओळखता आलं नाही. त्यानंतर साधनं सुधारली असतील, काही खरोखर बरीही असतील. पण ५० मुलांच्या वर्गात ९ टक्के म्हणजे चार-पाच निरपराध मुलं. अगदी शंभरात एकच चूक करणारं साधन धरलं, तरी ४०० मुलांच्या शाळेत निबंधाच्या दर फेरीला चार मुलं अशी मान खाली घालून बसतील.

(काही शिक्षक निबंध थेट चॅटबॉटलाच दाखवून ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारतात. कृपा करून हे कुणीच करू नका. आपण कुठे काय लिहून दिलं याची नोंद त्याच्याकडे नसते. ‘हो, मीच लिहिलं’ हेही त्याचं पुढच्या शब्दाचा अंदाज घेत केलेलं वाक्यच असतं.)

मग तुमच्याकडे त्या मुलाविरुद्ध काय उरलं? एवढंच, की तो एरवी असं लिहीत नाही. ताई, इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. तेव्हा यंत्राचा प्रश्नच नव्हता, मोठ्या भावंडांचा होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने निबंध दिला आणि मला खात्री पटली की तिच्या कॉलेजात जाणाऱ्या भावाने लिहून दिलाय. मी चौकशीही केली नाही. निबंधाखाली लाल पेनाने दोन शब्द लिहिले: ‘स्वतः लिहावे.’ महिनाभराने तिची गणिताची वही काही कारणाने माझ्या हातात आली. मागच्या पानांवर तोच निबंध पेन्सिलीने लिहिलेला. पहिलं वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलेलं. एका ठिकाणी इतकं खोडलं होतं की कागद फाटला होता. मी तिची माफी मागितली, तिने मानही हलवली. पण त्या वर्षभरात तिने पुन्हा तसं लिहिलं नाही. नीटनेटकी, बिनचूक, दहा ओळींची उत्तरं देत राहिली. चांगलं लिहिलं तर संशय येतो, एवढंच ती माझ्याकडून शिकली होती. ते फाटलेलं पान मला अजून दिसतं.

तुम्ही पत्रात त्या मुलाचं, तुम्हाला ‘न शोभणारं’ वाटलेलं वाक्य उतरवून पाठवलंय: ‘रेडिओ कधीचा बंद पडलाय, पण बातम्यांची वेळ झाली की आजोबा अजून त्याच्याकडे तोंड करून बसतात.’ मी ते कितीदा तरी वाचलं. ते त्यानेच लिहिलंय असं मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण दुरून ओळखण्याची कला माझ्याकडेही नाही. पण ते वाक्य खरं आहे का हे शोधायचा रस्ता अगदी सरळ आहे. त्याच्याशी बोलायचं.

येत्या एक-दोन दिवसांतच बोला, नियमांचा कागद हातात घेण्याआधी. स्टाफरूममध्ये नको, तिथे चार जण कान टवकारून असतात. शून्य रद्द केल्याचं आधी सांगा आणि गप्पा नंतर मारा, नाहीतर त्याला ती उलटतपासणी वाटेल. ‘मी एका यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि तुला विचारलंच नाही, ते माझं चुकलं’ एवढं पुरे. स्पष्टीकरणं देत बसू नका. शून्य वर्गासमोर सांगितलं होतं, तर ते मागे घेतल्याचंही वर्गासमोरच सांगा, एका वाक्यात. हे जड जाईल, याची मला कल्पना आहे. शिक्षकाने चूक कबूल केली की धाक जातो असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आणि पालक तुमच्याकडे येऊन गेलेत, तर आता तुम्ही त्यांना फोन करा.

‘पण त्याने खरंच चॅटबॉटकडून लिहून घेतलं असेल तर?’ हे तुमच्या मनात येणारच. असेलही. मग तुम्ही एका मुलाला एका निबंधाचे गुण उगाच दिलेत, एवढंच नुकसान. उलट बाजूचं नुकसान काय असतं ते वर सांगितलंच.

आता ‘पकडायचं कसं’ याकडे येते. हा प्रश्न तुमच्याकडे आलाच आहे तर तो जरा उलटून बघा. आपण मुलांना निबंध लिहायला का सांगतो? निबंध हवा असतो म्हणून नव्हे. पन्नास निबंधांचं आपण करणार काय? लिहिताना मुलाच्या डोक्यात जे होतं, शब्द शोधणं, खोडणं, ‘मला नक्की काय म्हणायचंय’ असं थांबून बघणं, ते व्हावं म्हणून. पण गेली कित्येक वर्षं आपण घरी लिहून आणलेला, तयार, गुळगुळीत निबंध हातात घेतो आणि त्यालाच गुण देतो. ‘विज्ञान: शाप की वरदान’ हा विषय द्यायचा, सुरुवातीला सुविचार, मध्ये तीन परिच्छेद, शेवटी ‘म्हणूनच म्हणावेसे वाटते’. गाईडातून पाठ केलेले असे निबंध आपणच ‘छान’ म्हणून परत केलेत. आता तेच सफाईने लिहून देणारं यंत्र मुलांच्या हाती आलंय. मुलांनी ते वापरलं, तर आपण ज्याला गुण देतो ते पुरवण्याचा सोपा रस्ता त्यांनी धरला. त्याला मी योग्य म्हणत नाही. पण त्यात आपला वाटा मोठा आहे.

तेव्हा लिखाण परत वर्गात आणा. सगळं नाही, पण सुरुवात तरी. तासाची पहिली वीस मिनिटं, वही आणि पेन, विषय तिथेच सांगायचा, आणि कच्चं लिखाण त्याच वहीत ठेवायचं. पुढचं घरी पूर्ण करू दे, टाइप करू दे, हरकत नाही. पण पक्क्या निबंधासोबत कच्चं पान जोडलेलं हवं, आणि गुणांतला चांगला वाटा त्या दोन्हींमधल्या प्रवासाला हवा. काय काढलं, काय बदललं, का बदललं. खाडाखोडीला गुण आहेत हे मुलांना पहिल्यांदा कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दुसरं, तीन मिनिटांच्या गप्पा. ‘पन्नास मुलांशी तीन मिनिटं म्हणजे दीडशे मिनिटं, कुठून आणायची?’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. सगळ्यांशी बोलायचंच नाही. दर निबंधाला पाच-सहा जण, हजेरीपटाच्या क्रमाने. क्रमाने हे महत्त्वाचं, संशयाने नाही. सगळ्यांचीच पाळी येणार हे माहीत असलं की बोलावणं हा ठपका राहत नाही. प्रश्नही साधे ठेवा. कोणता भाग लिहायला जड गेला? आधी काय लिहिलं होतंस जे नंतर काढलंस? हे वाक्य कुठून सुचलं? ज्याने लिहिलंय ते मूल अडखळत का होईना, बोलायला लागतं. ज्याने लिहिलेलं नाही ते बहुधा दुसऱ्या प्रश्नाला स्वतःच सांगून टाकतं, आणि त्या सांगण्याची किंमत आपण ठेवली पाहिजे. त्याला शून्य नको. त्याने तो निबंध वर्गात बसून पुन्हा लिहावा, आणि यंत्राकडे का गेला हे तुम्ही ऐकावं. एकाच दिवशी तीन विषयांचा अभ्यास दिलेला असतो, किंवा आपलं लिहिणं लाजिरवाणं आहे अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. दुसरं कारण निघालं तर ते एआयपेक्षा फार मोठं काम आहे, आणि ते तुमचं आहे.

ऑनलाइन लिहून घेत असाल, तर गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी मजकुराच्या आधीच्या आवृत्त्या पाहता येतात. त्याचा उपयोग करा, पण मुलांना आधी सांगून. आणि सगळा मजकूर एकदम चिकटवलेला दिसला तरी तो पुरावा धरू नका. कित्येक मुलं वहीत लिहितात, घरातला एकुलता फोन रात्री हाती आला की एका दमात उतरवतात.

आता मुख्याध्यापिकांचा कागद. सरसकट बंदीचं काय होतं हे न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी करून पाहिलं. चॅटजीपीटी आला नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी शाळेच्या इंटरनेटवर आणि उपकरणांवर तो बंद केला, आणि मे महिन्यात निर्णय मागे घेतला. शाळेच्या वायफायवर दार लावता येतं, घरच्या फोनवर नाही. बंदीने सर्वांत जास्त अडतात ती घरी इंटरनेट नसलेली मुलं, कारण हे यंत्र काय आहे, ते कुठे चुकतं, हे दाखवणारं त्यांच्याजवळ शाळेशिवाय कुणी नसतं.

म्हणून मुख्याध्यापिकांना नियम एका पानाचेच द्या. मुलांना आणि पालकांना वाचून कळले पाहिजेत. त्यात माझ्या मते सर्वांत उपयोगी नियम असा: प्रत्येक गृहपाठावर शिक्षकानेच एक ओळ लिहायची. ‘एआय अजिबात नाही’, किंवा ‘विचार करायला चालेल, लिहायला नाही’, किंवा ‘चालेल, पण कुठे वापरलं ते सांगा’. तीनच पर्याय. निम्मे वाद मुलांना ‘काय चालतं’ हेच ठाऊक नसल्यामुळे होतात. एका सरांना चालतं, दुसऱ्या बाईंना नाही, आणि मूल मधल्या मध्ये सापडतं. शिवाय ही ओळ लिहिताना शिक्षकाला स्वतःलाच विचारावं लागतं की हा गृहपाठ मी नक्की कशासाठी देतोय. काही गृहपाठ तिथेच गळून पडतील, आणि ते बरंच होईल.

दुसरा नियम: कोणत्याही ओळखणाऱ्या साधनाच्या आकड्यावरून कुणाचे गुण कापायचे नाहीत. आकडा आला तर पुढची पायरी फक्त संभाषण, तेही विद्यार्थ्याचं म्हणणं लिहून घेऊन. वर्गणीचा विषय निघाला की मुख्याध्यापिकांना शांतपणे विचारा: या आकड्यावरून आपण शिक्षा करणार नसू, तर तो विकत कशाला घ्यायचा? त्याऐवजी वेळापत्रकात लिखाणाचा एक जोडतास मागा. शाळेच्या प्रमुखांना पैसे मंजूर करणं सोपं जातं, तास मंजूर करणं अवघड, कारण तो दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावा लागतो. तरी मागाच.

तिसरा, मुलांच्या माहितीचा. नाव, गुण, घरची परिस्थिती, आजार, वर्तनाच्या तक्रारी, यातलं काहीही कुणीही चॅटबॉटमध्ये टाइप करायचं नाही. आणि वयाचं भान: युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गात अशा साधनांसाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे, आणि चॅटजीपीटीच्या अटींतही १३ च्या खाली परवानगी नाही, १८ च्या आत पालकांची संमती लागते. लहान वर्गांना दाखवायचंच असेल, तर शिक्षकाने स्वतःच्या पडद्यावर दाखवावं. तुमच्या विषयातला, तुम्हाला पक्का ठाऊक असलेला एखादा प्रश्न त्याला विचारा आणि उत्तरातल्या चुका मुलांकडून शोधून घ्या. शिक्षक आणि वर्ग एकाच बाजूला बसून यंत्राला तपासतायत, हे चित्र मला कुठल्याही बंदीपेक्षा मोलाचं वाटतं.

राहिला तुमचा दुटप्पीपणा. सराव प्रश्नपत्रिकेबद्दल मनाला लावून घेऊ नका. तिथे हवी असते चांगली प्रश्नपत्रिका. ती करताना तुमच्या मेंदूला व्यायाम व्हावा असा हेतू नसतो. प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघा, कारण यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतं. आणि मुलांना सांगून टाका की मदत घेतली होती. ‘कुठे वापरलं ते सांगा’ हा नियम फळ्याच्या दोन्ही बाजूंना लागू असू दे.

शेऱ्यांचं मात्र मला पटलं नाही, आणि ते स्पष्टच सांगते. प्रगतिपुस्तकातली ती दीड ओळ मूल आयुष्यभर लक्षात ठेवतं. आपल्या बाईंनी आपल्याला पाहिलं, याची ती पावती असते. ‘मेहनती व गुणी विद्यार्थी, सातत्य ठेवल्यास उत्तम प्रगती’ असं तिघांच्या पुस्तकांत आलं, तर मुलं ती शेजारी शेजारी ठेवून बघतात. आणि शेरा लिहून घेताना तुम्ही त्या मुलाबद्दल काहीतरी टाइप केलंच असणार, म्हणजे तिसरा नियमही मोडला. वेळ नसतो, मान्य. मग तीनच शब्द लिहा, पण तुमचे. ‘नकाशे सुंदर काढतो’ पुरतं.

त्या मुलाशी बोलाल तेव्हा माफी झाली, गुण झाले, की निघू नका. बातम्यांच्या वेळेला आजोबा नक्की कसे बसतात, ते त्याला विचारा. आणि त्याचं म्हणणं काहीच असलं तरी मला कळवा.